नवा पंतोजी

तिसरीच्या वर्गात बसणाऱ्या मुलाचे वय सामान्यतः आठ वर्षांचे असते. जोडाक्षरे नुकती कुठे त्याच्या अंगवळणी पडलेली असतात, हातच्याची वजाबाकी अधूनमधून दगा देत असते, आणि खिडकीबाहेरच्या निंबाच्या झाडावर काय चालले आहे याविषयीची त्याची जिज्ञासा फळ्यावरील मजकुराविषयीच्या जिज्ञासेहून निःसंशय तीव्र असते. अशा या मुलाला २०२६-२७ च्या शैक्षणिक वर्षापासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती यांचा परिचय करून देण्यात येईल, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात जाहीर केले, अभ्यासक्रमाच्या आखणीसाठी आयआयटी मद्रासच्या एका प्राध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि शिक्षणखात्याच्या शिरस्त्याप्रमाणे त्या दिवसापासून या विषयावर अधिकारवाणीने बोलणाऱ्यांची संख्या तो जाणणाऱ्यांच्या संख्येहून कितीतरी अधिक झाली.

त्या पहिल्या वर्गात आपली गणना होऊ नये म्हणून मी येथे स्वतःचे मत विस्ताराने न मांडता, ज्या दोन व्यक्तींना या प्रश्नाची प्रत्यक्ष झळ लागलेली आहे त्यांचा वाद, मला आठवतो तसा, उतरवून देत आहे. त्यांपैकी एक धुळ्याचे निवृत्त शिक्षणविस्तार अधिकारी असून दुसरी त्यांची सख्खी भाची आहे. ती जळगावच्या एका शाळेत नववी-दहावीला हाच विषय शिकवते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववीसाठी तो ऐच्छिक कौशल्यविषय म्हणून २०१९-२० सालीच सुरू केलेला आहे. वृद्ध मामा यंत्राच्या विरुद्ध बोलतील आणि तरुण भाची त्याची कैवारी असेल, अशी वाचकाची स्वाभाविक अपेक्षा असेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, आणि म्हणूनच हा वाद ऐकण्याजोगा झाला.

दिवाळीच्या सुटीत ती आजोळी आली असता बोलण्याला तोंड फुटले. मामांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून मोठ्या संतोषाने म्हटले, की ज्या गोष्टीसाठी आपण आयुष्यभर अर्ज करीत राहिलो, ती शेवटी न मागता पदरात पडली.

"मामा, मी हा विषय शिकवते, म्हणूनच तो तिसरीत नको म्हणते," भाची म्हणाली. "यंत्राला शिकवण्याचे टप्पे आमच्या पुस्तकात दिलेले आहेत. प्रश्न नेमका ठरवावा, त्याला लागणारी माहिती गोळा करावी, ती न्याहाळावी, तिच्यावरून प्रतिमान बांधावे आणि मग त्याची परीक्षा घ्यावी. ज्याने हे लिहिले तो शहाणा माणूस असणार, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ५० गुण लेखी परीक्षेला आणि ५० प्रात्यक्षिकाला. तेव्हा मुले पाच टप्प्यांची आद्याक्षरे जोडून एक निरर्थक शब्द बनवतात, तो पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. 'माहिती गोळा करणे' यावर ज्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले, त्याने आयुष्यात एकदाही कसली माहिती गोळा केलेली नसते. प्रात्यक्षिकाच्या वहीतला प्रकल्प तर आता एआयच लिहून देतो. म्हणजे एआयविषयी एआयने लिहिलेले मुलगा आपल्या अक्षरात उतरवून काढतो, आणि मी त्याखाली लाल शाईने सही करते."

"हा दोष विषयाचा की परीक्षेचा?"

"आमच्याकडे दोन्ही एकाच दाराने आत येतात."

मामा हसले, परंतु आयुष्यभर शाळातपासणी केलेल्या मनुष्याला उत्तर मिळाल्याने समाधान होत नाही, त्याला ते नोंदवून पुढचा प्रश्न विचारायचा असतो. त्यांनी बोलण्याचा ओघ इतिहासाकडे वळवला, आणि ही त्यांची आवडती वाट असल्यामुळे तेथे ते बराच वेळ रमले.

"अमळनेरची गोष्ट तुला ठाऊक आहे. प्रताप शेठजींनी १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर काढले, ते वेदान्ताच्या अभ्यासासाठी. त्याच गावात १९४५ च्या डिसेंबरात वनस्पती तुपाची एक कंपनी नोंदली गेली, आणि पुढे १९८० च्या सुमारास तीच कंपनी संगणकाच्या धंद्यात उतरून विप्रो या नावाने जगभर गेली. अमळनेरच्या कित्येक घरांत तिचे शेअर होते. ज्यांनी ते मोडले नाहीत त्यांची भरभराट झाली, आणि ही हकीगत आपण मोठ्या अभिमानाने पाहुण्यांना सांगतो. पण संगणक कुठे घडला? बंगळुरात. आपल्या वाट्याला लाभांश आला, विद्या आली नाही. खानदेशात आगगाडी आली ती कापूस मुंबईला पोचवण्यासाठी आली. प्रत्येक नवी वस्तू आपल्याकडे दुसऱ्याच्या गरजेने, दुसऱ्याच्या सोयीने आणि उशिरा आली. तेव्हा हे नवे शास्त्र जर एकदाचे रावेरच्या आणि शिरपूरच्या मुलापुढे, मुंबईच्या मुलापुढे येते त्याच वर्षी येणार असेल, तर त्याला आडवा हात लावणारी तू कोण?"

"मी आडवा हात लावत नाही. मी विचारते, की ते येणार कोणाच्या हातून? १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून देशातल्या शेकडो शाळांत विलायती बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक पाठवले होते. त्याच वर्षी पुण्यात मुलांसाठी दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था निघाली. पहिल्या योजनेतली यंत्रे प्राचार्यांच्या खोलीत मखमलीच्या आच्छादनाखाली राहिली, कारण मुलांनी हात लावला आणि बिघडली तर वसुली कोणाकडून, याचा खुलासा परिपत्रकात नव्हता; दुसरी संस्था यथावकाश बंद पडली. दर वीस वर्षांनी शाळेत एक पेटी येते, मामा, आणि तिच्याबरोबर शिक्षक यायचे राहून जातात."

येथे मामांना डिवचल्यासारखे झाले, कारण अशाच एका पेटीशी त्यांच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांचा निकट संबंध होता. सुमारे दहा वर्षांपूर्वी धुळ्याचे हर्षल विभांडिक, न्यूयॉर्कमध्ये बँकेच्या नोकरीत असताना, सुटी काढून गावोगाव हिंडले आणि खर्चाचा मोठा वाटा गावाने वर्गणीतून उचलावा व उरलेला आपण घालावा, या तत्त्वावर धुळे जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या अकराशेच्या आसपास शाळा त्यांनी 'डिजिटल' करविल्या. मामा त्या सभांना हजर असत.

"पडदे फाटले असतील, प्रोजेक्टरचे दिवे गेले असतील, वीजबिल थकल्याने महाराष्ट्रात कित्येक शाळांची जोडणी तुटली, हे मला तुझ्याआधी कळले आहे," ते म्हणाले. "पण ज्या बापाने मुलाचे नाव घालायच्या दिवसानंतर शाळेची पायरी चढली नव्हती, तो ज्वारी विकून आलेल्या पैशातून शंभराची नोट काढून वहीत सही करतो, आणि पुढच्या आठवड्यात 'माझ्या पैशाचं काय केलं' म्हणून विचारायला शाळेत येतो, ही घटना मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. यंत्र निमित्त होते. त्या निमित्ताने गावाला आपल्या शाळेवर हक्क सांगता आला."

"मग तो हक्क सांगून त्यांनी विचारायला हवे होते, की पाचवीतल्या माझ्या मुलाला वाचता का येत नाही. २०२४ चा 'असर' अहवाल तुम्हीही वाचला आहे. देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो. ज्याला उतारा वाचता येत नाही, त्याला यंत्राने लिहिलेला उतारा खरा की खोटा हे कसे कळणार? आधी वाचन होऊ द्या."

"आधी आणि नंतर हा क्रम तुझ्या वेळापत्रकात आहे. घरी तो पाळला जात नाही. मुलाच्या हाती बापाचा फोन आहे, आणि वाचता न येणाऱ्या मुलाला आता लिहायचेही कारण उरलेले नाही. तो बोलून विचारतो आणि यंत्र बोलून सांगते. शाळेने दार लावून घेतले, तर यंत्र बाहेर ताटकळत बसणार नाही. ते मुलाला शाळेशिवायच भेटेल, आणि भेटलेही आहे."

हा मुद्दा बलवान होता, असे मला वाटले. भाचीलाही वाटले असावे, कारण ती क्षणभर थांबली. नंतर तिने जे सांगितले, ते तिच्या स्वतःच्या पक्षाला फारसे सोयीचे नव्हते. आपल्या विरुद्ध जाणारा पुरावा स्वतःहून पुढे करण्याची बुद्धी वादात क्वचित आढळते, म्हणून ती हकीगत मी येथे सविस्तर देतो.

आठवीतल्या काही मुलांना हाताशी धरून तिने केळीच्या पानांचा एक उद्योग केला होता. जळगाव जिल्ह्यात, विशेषतः रावेर आणि यावल या तालुक्यांत, केळीची मृगबाग आणि कांदेबाग यांच्या आधाराने संसार चालणारी घरे अगणित आहेत, आणि अशा घरांतली मुले तिच्या वर्गात होती. करपा नावाचा बुरशीजन्य रोग त्यांच्या परिचयाचा: खालच्या, जुन्या पानांवर शिरांना समांतर अशा बारीक पिवळसर रेघा उमटतात, त्यांचे तपकिरी ठिपके होतात, ठिपक्यांचा मध्य राखी पडतो आणि हळूहळू पान वाळते. गूगलचे 'टीचेबल मशीन' नावाचे एक विनामूल्य साधन आहे. त्याला दोन प्रकारची चित्रे वेगवेगळ्या गठ्ठ्यांत दाखवली, की तिसरे चित्र कोणत्या गठ्ठ्यातले हे ते सांगू लागते. मुलांनी निरोगी पानांची आणि करपलेल्या पानांची छायाचित्रे काढली, यंत्राला दाखवली, आणि यंत्र इतकी अचूक उत्तरे देऊ लागले, की एका मुलाने आता कृषिसहायकाची गरज उरली नाही असे जाहीर करून टाकले.

"आणि मग," भाची म्हणाली, "एका मुलीने घरच्या बागेतल्या चांगल्या, हिरव्यागार पानाचा फोटो आणला. यंत्राने त्याला रोगी ठरवले. दुसरा आणला, तोही रोगी. मुले चिडली, मग शोधत बसली. तेव्हा लक्षात आले, की निरोगी पानांचे सगळे फोटो शाळेच्या आवारात सकाळी काढलेले होते आणि करप्याचे सगळे शेतात, दुपारच्या उन्हात. या मुलीचा फोटो दुपारचा होता. यंत्र करपा शिकलेच नव्हते, मामा. ते ऊन शिकले होते."

मामांना ही हकीगत इतकी आवडली, की त्यांनी ती पुन्हा एकदा सांगायला लावली.

"पुढचे त्याहून महत्त्वाचे आहे," ती म्हणाली. "केळीवर सीएमव्ही म्हणून दुसरा एक रोग पडतो. तो विषाणूचा, माव्यामुळे पसरणारा. त्यातही पानावर पिवळे पट्टे येतात, पण ते कोवळ्या पानांवर. करपा असला तर रोगट पान कापून नष्ट करावे, फवारणी करावी, झाड वाचते. सीएमव्ही असला तर अख्खे झाड उपटावे लागते. गेल्या काही वर्षांत लोकांनी बागांच्या बागा उपटल्या आहेत. मी मुलांना विचारले, की यंत्राने करप्याला सीएमव्ही म्हटले तर काय होईल, आणि सीएमव्हीला करपा म्हटले तर काय होईल. पहिल्यात एक चांगले झाड फुकट जाते. दुसऱ्यात एक रोगी झाड शेतात उभे राहते आणि शेजारची बाग घेऊन जाते. आमच्या दहावीच्या पुस्तकात या दोन प्रकारच्या चुकांसाठी इंग्रजी नावे आहेत, सूत्रे आहेत, चार चौकटींचा एक तक्ता आहे. मुलांना तो कधीही लक्षात राहत नाही. त्या दिवशी आठवीतल्या पोरांनी कोणतेही सूत्र न शिकता वाद घातला, की कोणती चूक परवडते. आणि ज्याच्या काकांची बाग गेली होती तो मुलगा म्हणाला, की बाई, हे बाग कोणाची आहे त्यावर आहे."

"तेव्हा आता सांग," मामा म्हणाले, "विरोध कशाला?"

"कारण ती मुले केळीच्या घरची होती. पानाकडे पाहून करपा ओळखणे त्यांना यंत्राआधी येत होते; म्हणूनच यंत्र चुकले तेव्हा ते चुकले हे त्यांना दिसले. मी हाच प्रयोग क्ष-किरणाच्या चित्रांवर केला असता, तर यंत्र ऊन शिकले की रोग, हे आम्हा कोणालाच कळले नसते."

मला वाटते, या वाक्याशी वादाचा खरा विषय हाती लागला. त्याआधीचे बोलणे आपल्याकडे कोणत्याही नव्या शैक्षणिक योजनेविषयी होते तसेच होते. जे आपल्याला यंत्रापेक्षा अधिक ठाऊक आहे, तेथेच आपल्याला यंत्राची परीक्षा घेता येते. आठ वर्षांच्या मुलाला यंत्रापेक्षा अधिक काय ठाऊक असते, असे विचारले तर प्रथमदर्शनी उत्तर 'काहीच नाही' असे येते. मामांचे म्हणणे निराळे होते.

"त्याला आपले गाव ठाऊक असते," ते म्हणाले. "तिसरीला परिसर अभ्यासाचे पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे निघते, साऱ्या प्राथमिक अभ्यासक्रमात माझ्या मते हीच एक गोष्ट अक्कलहुशारीने झालेली आहे. धुळ्याच्या मुलाच्या पुस्तकात पांझरा आहे, जळगावच्या मुलाच्या पुस्तकात गिरणा आहे. मुलाने यंत्राला आपल्या गावाविषयी विचारावे. गावातल्या देवाची यात्रा कधी, नाल्याला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत राहते, बाजार कोणत्या वारी. यंत्र उत्तर दिल्यावाचून राहणार नाही. ते गोड आवाजात, निःशंकपणे काहीतरी सांगेल, आणि त्यातले अर्धे चुकीचे निघेल. आठ वर्षांच्या मुलाला तेवढे कळेल. आपण इतकी वर्षे मुलांना फक्त अशाच गोष्टी विचारल्या, की ज्यांची उत्तरे त्यांना येत नाहीत."

"आणि विचारणार कोणत्या भाषेत?"

"आपल्या."

"आपल्या म्हणजे अहिराणीत, की पुस्तकातल्या मराठीत? मागे एका खेड्यातल्या मुलाने फोनला 'माले समजनं नही' असे सांगितले. यंत्राने 'माले' हे कोणा गृहस्थाचे आडनाव समजून त्याविषयी माहिती द्यायला सुरुवात केली. मुले हसली, पण तो मुलगा हसला नाही. आपले बोलणेच चुकले, असे समजून तो गप्प झाला. ग्रिअर्सनने भाषांच्या पाहणीत खानदेशीची स्वतंत्र नोंद केली त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली, २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. पण यंत्र जे लिहिलेले आहे तेवढ्यावरच वाढते, आणि आपण लिहिले किती? असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. सोपानदेवांनी ती गाणी उतरवून ठेवली आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले, म्हणून ती आज यंत्राच्या पोटात तरी आहेत. बाकीच्या किती बाया गाता गाता गेल्या, त्यांची नोंद कोणत्या दफ्तरात आहे?"

मामा या ठिकाणी गंभीर झाले. धुळ्याच्या मनुष्याजवळ दफ्तराचा विषय काढला, की त्याला राजवाडे आठवणे अपरिहार्य असते. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचे खंडामागून खंड प्रसिद्ध करणाऱ्या, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या रद्दीतून अस्सल कागद गोळा करीत महाराष्ट्रभर पायपीट करणाऱ्या त्या मनुष्याचा अंत १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच झाला, आणि पुढच्याच महिन्यात तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. मामांचा युक्तिवाद असा, की बखरकारांनी ठामपणे लिहून ठेवलेल्या आणि लोकांनी ठामपणे मानलेल्या हकीगती तपासायला बसलेल्या राजवाड्यांची जी वृत्ती होती, तीच यंत्रापुढे बसलेल्या मुलाला शिकवायची आहे. यंत्र हा सुद्धा एक बखरकारच असून तो आपली साधने सांगत नाही, आणि सांगितली तर कधी कधी नसलेली सांगतो. तेव्हा मुलाने विचारावे, की याला दाखला काय?

"राजवाड्यांना चरितार्थाची पर्वा नव्हती आणि त्यांच्यापुढे चाळीस मिनिटांची घंटा होत नव्हती," भाची म्हणाली. "दाखला विचारायला मी शिकवते. मुले यंत्रालाच दाखला विचारतात, यंत्र दाखला बनवून देते, मुले तो वहीत लिहितात. अडचण ज्ञानाची नाही, मामा. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, गणितात चांगला. त्याने व्याजाचे उदाहरण कागदावर सोडवले, उत्तर बरोबर आले. मग त्याने ते फोनवर पडताळून पाहिले. यंत्राने वेगळे सांगितले; ते चुकले होते. त्याने आपले उत्तर खोडले आणि यंत्राचे लिहिले. मी विचारले, का खोडलेस? म्हणाला, ते कशाला खोटे बोलेल? या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते, पण तोवर त्याने वही मिटली होती."

यावर मामा काही काळ बोलले नाहीत. नंतर जे बोलले, ते त्यांच्या तोंडून ऐकण्याची माझी अपेक्षा नव्हती.

"त्याला ते यंत्राने शिकवलेले नाही. मी तपासणीला वर्गात जात असे तेव्हा मुलांना साधे प्रश्न विचारी. तुमच्या गावात विहिरी किती? गायीला वरचे दात असतात का? उत्तर ठाऊक असलेले मूलसुद्धा तोंड उघडण्याआधी गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाही. गुरुजींच्या भुवया जरा वर गेल्या की मूल उत्तर बदली. गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, हे त्या मुलाने रोज गोठ्यात पाहिलेले. पण गुरुजींना ते ठाऊक नसे, आणि मूल गायीपेक्षा गुरुजींवर विश्वास ठेवी. पूर्वी पंतोजी होते, त्यांची छडी होती. छडी गेली, पंतोजी हा शब्दही गेला, पण ते आसन आम्ही जपून ठेवले. त्या आसनावर आता यंत्र येऊन बसले, तर मुलाने त्याला नमस्कार का करू नये?"

"म्हणजे तुम्ही माझ्या बाजूला आलात."

"मुळीच नाही. म्हणूनच ते तिसरीत हवे. नववीपर्यंत चेहऱ्याकडे पाहण्याची सवय हाडात मुरलेली असते."

भाचीने हा डाव मान्य केला नाही. तिचे म्हणणे, की आसनावरून एका पंतोजीला उठवायला दुसरा आणून चालत नाही, आणि ज्या शिक्षकाने मुलाला प्रश्न विचारायला शिकवायचे, त्याला आज स्वतःच्या वरिष्ठांना प्रश्न विचारण्याची सोय नाही. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींनी पोषण आहाराचे आकडे भरायचे, विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती भरायची, मतदारयाद्या करायच्या, जनगणनेला जायचे, आणि उरलेल्या वेळात यंत्राच्या चुका शोधायला शिकवायचे. १९३२ साली याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत, याची तिने मामांना आठवण दिली. आज यंत्र शब्दन् शब्द तत्क्षणी टिपून देईल, पण अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी दैनिक लिहून काढणारा जो शिक्षक त्या टिपणातून आणखी घडत गेला, तो यंत्राने टिपून घडला असता का? शिक्षकाला लिहायला, वाचायला, पानाकडे निरखून पाहायला वेळ द्या; मग तिसरीत हवे ते आणा.

माझा कौल कोणी विचारलाच, तर तो निम्मा मामांच्या बाजूचा आहे. मुलाने यंत्राची पहिली भेट आपल्या गावाच्या चावडीवर घ्यावी, ही त्यांची तजवीज मला समितीच्या कोणत्याही कलमापेक्षा अधिक पटते. पण तिसरीत की सहावीत, हा हिशोब भाचीनेच करावा, कारण तास तिला घ्यायचा आहे. मी हे बोलून दाखवले तेव्हा दोघांनाही ते आवडले नाही.

"बरे, गावाविषयीचा हा खेळ आपण तिसरीत घातला," भाची म्हणाली, "तर त्याला गुण किती?"

"शून्य. गुण दिलेस की दुसऱ्या दिवशी बाजारात 'यंत्राच्या अपेक्षित चुका' नावाचे गाईड येईल."

"आणि गुण दिले नाहीत, तर तो तास गणिताला जाईल. कार्यानुभवाचे काय झाले ते तुम्ही पाहिले आहे. मूल्यशिक्षणाच्या तासाला किती शाळांत पाढे म्हटले जातात, याचे अहवाल तुम्हीच लिहीत होता."

"लिहीत होतो," मामा म्हणाले, "आणि ते अहवाल वाचले गेले असते, तर आज आपण हा वाद घालत नसतो. ते असो. जूनमध्ये मला तुझ्या शाळेत एक तास दे. मी मुलांना घेऊन बसतो, यंत्र पुढे ठेवतो, आणि गिरणेवरून सुरुवात करतो. फक्त एक अट. तू वर्गात थांबायचे नाहीस. नाहीतर ती तुझ्या तोंडाकडे पाहतील."

"मी बाहेर गेले, तर ती तुमच्या तोंडाकडे पाहतील," भाची म्हणाली. "मी मागच्या बाकावर बसेन."

मामांनी याला संमती दिली नाही. मागच्या बाकावर बसलेल्या तपासणीसापुढे वर्गाचे काय होते, हे आपल्याला तिच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, असे त्यांनी सांगितले.